नदी, धबधबा, बाजार : लुआंग प्रबांगचा एक दिवस नीट कसा आखावा

उत्तर लाओसमध्ये मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावर लुआंग प्रबांग वसलंय. एके काळची ही राजधानी, १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. जुनं गाव लहानसं आहे, रमतगमत चाललं तरी तासाभरात पालथं घालता येतं. त्याच्या मुख्य रस्त्यावर सहली विकणारी दुकानं मात्र ओळीनं लागलेली दिसतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या फलकावर एकच सहल असते : सकाळी मेकाँगमधून बोटीनं पाक ऊच्या गुहा, दुपारी कुआंग सीचा धबधबा, संध्याकाळी नाइट मार्केट. फोटोही तेच. फरक दिसतो तो दरात. त्याहून मोठा फरक फलकावर लिहिलेलाच नसतो, तो म्हणजे कुठे किती वेळ मिळणार.

सहलीहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, “किती पॉइंट झाले?” सहल विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून यादीत आणखी एक गाव, आणखी एक देऊळ, आणखी एक ‘फोटो स्टॉप’ वाढत जातो आणि दिवसाचे तास तेवढेच राहतात. या सहलीवर पैसे खर्च करणार असाल, तर ठिकाणं मोजू नका, तास मोजा. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका सूत्राभोवती आहे.

आधी दिवसाचा हिशेब

पाक ऊ हे ठिकाण लुआंग प्रबांगपासून नदीमार्गे साधारण २५ किलोमीटर वर आहे. जाताना बोट प्रवाहाविरुद्ध जाते, त्यामुळे पावणेदोन ते दोन तास लागतात. परतताना प्रवाह सोबत असतो, तास-सव्वा तासात गाव येतं. गुहांसाठी पाऊण तास आणि वाटेतल्या एखाद्या गावासाठी अर्धा तास धरला, की नदीचा भाग साडेचार तासांचा झाला.

कुआंग सीचा धबधबा गावाच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर. रस्ता वळणावळणाचा आणि चढउताराचा असल्यानं एका बाजूला पाऊण ते एक तास लागतो. तिथे फिरायचं, पाण्यात उतरायचं, कपडे बदलायचे म्हणजे अडीच तासांखाली भागत नाही. म्हणजे हेही साडेचार तास. मध्ये जेवणाला तास धरा. सकाळी आठला निघालात तर परत यायला संध्याकाळचे सहा होणारच.

दिवस बसतो, पण घट्ट बसतो. बोट निघायला अर्धा तास उशीर झाला, तर तो भरून कुठून काढणार? नदीवर वेग वाढवता येत नाही, जेवण टाळता येत नाही. कात्री लागते ती शेवटच्या ठिकाणाला, म्हणजे धबधब्याला. उशीर वाढत गेला, की अडीच तासांऐवजी तास-सव्वा तास मिळतो आणि लोक ओल्या कपड्यांनी गाडीत बसतात. म्हणून सहल ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : कुआंग सीच्या दारात आम्ही किती वाजता पोहोचणार आणि तिथून किती वाजता निघणार?

यावर एक सोपा तोडगा आहे. पाक ऊच्या समोरच्या काठापर्यंत गाडीरस्ता जातो. तिथून लहान होडीनं नदी ओलांडली की गुहा. जाताना गाडी आणि येताना बोट अशी व्यवस्था करून मिळाली, तर जवळपास तास वाचतो. मेकाँगवरचा निवांत प्रवासही पदरात पडतो, तोही प्रवाहासोबतचा. खासगी सहलीत हे सहज जमतं, दुकानदाराला विचारावं मात्र लागतं.

क्रम कोणता ठेवावा

नेहमीचा क्रम म्हणजे सकाळी नदी, दुपारी धबधबा. तो उलटाही करता येतो आणि कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. तुम्हाला कुआंग सीला काय करायचंय, यावर ते ठरवा.

निवांतपणा आणि फोटो हवे असतील तर धबधबा सकाळी उघडतो त्या वेळेलाच गाठा. दहानंतर मोठ्या गटांच्या गाड्या यायला लागतात आणि पुलावर फोटोसाठी रांग लागते. पोहायचं असेल तर दुपार बरी. हे पाणी बारा महिने थंड असतं आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी त्यात पाय बुडवला तरी शिरशिरी येते. दुपारी ऊन झाडांमधून खाली उतरतं, तेव्हा पाण्यात जाण्याची हिंमत होते.

थंडीतली सकाळ नदीवरही गारठ्याची असते. नऊ-साडेनऊपर्यंत मेकाँगवर धुकं असतं, बोटीच्या बाजू उघड्या असतात आणि दोन तास वारं अंगावर येत राहतं. ‘लाओस म्हणजे उष्ण देश’ असं समजून टीशर्टवर आलेली माणसं बोटीत कुडकुडताना दिसतात. पातळ जॅकेट, कानटोपी किंवा शाल सोबत ठेवा. दुपारी ती बॅगेत गेली तरी चालेल.

मोसम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. पाऊस थांबलेला, हवा कोरडी, धबधब्याला भरपूर पाणी आणि डोहांचा रंग स्वच्छ. अर्थात गर्दी आणि हॉटेलांचे दरही याच काळात चढलेले असतात.

मार्च-एप्रिलमध्ये डोंगरातल्या शेतीसाठी जंगल आणि पालापाचोळा जाळतात. त्या धुरानं आकाश करडं होतं, समोरचे डोंगर दिसेनासे होतात आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. सहलीच्या जाहिरातींत हे कुठेही लिहिलेलं नसतं. मध्य एप्रिलमध्ये लाओ नववर्ष येतं. तेव्हा गावभर एकमेकांवर पाणी उडवत सण साजरा होतो. सण बघायला जाणाऱ्यांनी जरूर जावं. ठरल्या वेळेत तीन ठिकाणं बघायला जाणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत.

जुलै ते सप्टेंबर पावसाळा. मेकाँग तांबडी, फुगलेली आणि रुबाबदार दिसते. पण जोराचा पाऊस झाला की कुआंग सीचं पाणी गढूळ होतं, डोहांत उतरू देत नाहीत आणि कधी वरच्या वाटा बंद ठेवतात. शाळेच्या सुट्टीमुळे मे-जूनशिवाय पर्याय नसेल, तर उकाडा आणि अधूनमधून सरी गृहीत धरा. जूनच्या सुरुवातीला डोहांचा रंग अजून टिकलेला असण्याची शक्यता बरी असते.

पोहोचायचं कसं

महाराष्ट्रातून जाणारे बहुतेक जण बँकॉक किंवा हनोईहून विमानानं थेट लुआंग प्रबांग गाठतात. दुसरा मार्ग राजधानी व्हिएंतियानहून रेल्वेचा. लाओस-चीन रेल्वे डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि रस्त्यानं आख्खा दिवस खाणारा हा प्रवास दोन तासांवर आला. तिकिटं लवकर संपतात आणि स्टेशन गावापासून लांब आहे, तेव्हा परतीच्या गाडीच्या वेळेआधी तासभर तरी हॉटेल सोडा. गाडी आणि सहल एकाच दिवशी ठेवू नका.

भारतीय पासपोर्टवर लाओसचा व्हिसा लागतो. निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर नियम आणि शुल्क बघून घ्या. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असू द्या आणि दोन फोटो जवळ ठेवा. स्थानिक चलन किप. एका डॉलरला वीस हजारांहून अधिक किप मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी शून्यं मोजताना गोंधळ उडतो. लहान नोटांचा एक गठ्ठा वेगळ्या कप्प्यात ठेवा. प्रवेश तिकिटं, स्वच्छतागृह, पाण्याची बाटली, बाजार या सगळ्यांना रोख सुटे पैसे लागतात.

जॉइन-इन की खासगी?

जॉइन-इन सहलीत दहा-पंधरा अनोळखी माणसं एका बोटीत आणि व्हॅनमध्ये असतात. दर कमी, पण वेळ गटाची. एक जण उशिरा आला की सगळे थांबतात. त्यातल्या काही सहलींत ‘गाइड’ म्हणजे फक्त चालकच असतो. तो तुम्हाला दारात सोडतो आणि परतायची वेळ सांगतो.

चार ते सहा जणांचं कुटुंब असेल तर खासगी बोट आणि व्हॅन माणशी फारशी महाग पडत नाही. सोबत आजी-आजोबा असतील तर तीच घ्या. थांबायचं कुठे आणि किती, हे मग तुमच्या हातात राहतं. गाइड परवानाधारक आहे का, तो इंग्रजी बोलतो का, हे विचारा. कामाचा गाइड गुहेत मूर्तींची माहिती तर सांगतोच, शिवाय कुठल्या डोहात उतरायला परवानगी आहे, जेवणात काय घातलंय, एखादी वस्तू इथली की बाहेरून आलेली, हेही तोच सांगतो. भाषा येत नसलेल्या गावात या शेवटच्या तीन गोष्टींना जास्त मोल आहे.

बोटीत

मेकाँगवरची सहलीची बोट लांबलचक, अरुंद आणि लाकडी असते. वर छप्पर, दोन्ही बाजूंना बाक किंवा जुन्या गाडीतून काढून बसवलेल्या सीट. चालक अगदी पुढे सुकाणूच्या चाकापाशी बसतो आणि इंजिन पार मागे असतं. अनेक बोटी कुटुंबाच्या मालकीच्या आहेत. मागच्या भागात त्यांचा संसार असतो : वाळत घातलेले कपडे, गॅसची शेगडी, कुंडीतली मिरचीची रोपं. बोटीत पाऊल ठेवताना चपला काढायची पद्धत आहे. बाकीचे काढतात की नाही ते बघून तसंच करा.

जागा निवडताना पुढचा भाग पकडा. मागे इंजिनाचा आवाज इतका, की शेजाऱ्याशी बोलणंही जमत नाही. जाताना कोणत्या बाजूला ऊन येणार, हे गाइडला विचारून बसा. लाइफ जॅकेट डोक्यावरच्या फळीवर किंवा सीटखाली असतात. ते आहेत याची खात्री करून घ्या आणि लहान मुलांना त्यांच्या मापाचं मिळालं नाही, तर निघण्याआधीच मागा. स्वच्छतागृह बहुतेक बोटींत असतं, पण जेमतेम. ज्यांना लागेल त्यांनी निघण्यापूर्वी हॉटेलमध्येच उरकून घ्यावं.

एक बोट मात्र टाळा. नदीवर लहान, निमुळत्या ‘फास्ट बोटी’ही धावतात. प्रवाशांना हेल्मेट घालून बसवतात, त्यावरून काय ते समजा. मेकाँगच्या पात्रात खडक आणि वाळूचे दांडे आहेत, कोरड्या मोसमात ते पाण्याच्या जेमतेम खाली असतात. तास वाचवण्यासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

दोन तास नदीवर करायचं काय, असं काहींना वाटतं. बघायला बरंच असतं. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या काठावर लोक भुईमूग आणि भाज्या लावतात. म्हशी पाण्यात डुंबत असतात, जाळी टाकलेल्या होड्या दिसतात. थंडीत बायका उथळ पाण्यातून हिरवं शेवाळ गोळा करतात. ते पातळ थापून, वर तीळ आणि लसूण पेरून उन्हात वाळवतात. याला ‘खायपेन’ म्हणतात, तळून पापडासारखं खातात. गावात कुठेही मिळतं. फक्त सोबत येणाऱ्या चटणीत बऱ्याचदा म्हशीचं कातडं असतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी चटणी बाजूला ठेवावी.

नदी बदलते आहे, हेही लक्षात घ्या. खालच्या अंगाला सायाबुरी इथे २०१९ पासून धरण चालू आहे आणि पाक ऊच्या वरच्या बाजूला दुसऱ्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचं काम चालू आहे. त्यामुळे पाण्याची पातळी, धक्क्याची जागा, बोटीच्या वेळा बदलू शकतात. दोन-तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या माहितीवर विसंबू नका, आदल्या दिवशी चौकशी करा.

पाक ऊ : अपेक्षा काय ठेवावी

नाम ऊ नदी मेकाँगला मिळते तिथे चुनखडीच्या उभ्या कड्यात दोन गुहा आहेत. खालची थाम टिंग पाण्यालगत, धक्क्यावरून थोड्या पायऱ्या चढल्या की आलीच. वरची थाम थुंग मात्र दोनशेहून अधिक पायऱ्यांवर आणि आत अंधारी. मोबाइलचा दिवा पुरत नाही, लहान टॉर्च न्या.

आत बुद्धाच्या हजारो मूर्ती आहेत, बहुतेक हातभर किंवा त्याहून लहान. अजिंठा-वेरूळ पाहिलेला माणूस भव्य शिल्पांच्या अपेक्षेनं गेला तर हिरमोड होणार. इथलं महत्त्व वेगळं आहे. जुनी झालेली, भंगलेली बुद्धमूर्ती टाकून देता येत नाही, म्हणून लोक ती श्रद्धेनं इथे आणून ठेवत आले. आपल्याकडे खंडित मूर्तीचं विसर्जन करतात, त्याच भावनेनं. लाओसचे राजे नववर्षाला नदीमार्गे इथे पूजेला येत. हे माहीत असलं, की धुळकटलेल्या, हात तुटलेल्या त्या रांगांकडे बघण्याची नजर बदलते.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. मूर्तींना हात लावू नका, त्यांच्याकडे पाय करून बसू नका. भिक्षू भेटले तर बायकांनी त्यांना स्पर्श होणार नाही इतकं अंतर राखावं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालची गुहा बघून धक्क्यावर बसावं, फारसं काही चुकत नाही.

आणि तुम्हाला गुहांमध्ये रसच नसेल तर? मग पाक ऊ सरळ वगळा. गावासमोरच्या काठावर चोमफेत भागात जुने, शांत विहार आहेत, जवळ बान चान हे कुंभारांचं गाव आहे. होडीनं नदी ओलांडायची, दोन-अडीच तास फिरायचं आणि परतायचं. नदी मिळते, गाव दिसतं आणि धबधब्याला भरपूर वेळ उरतो. लहान मुलं सोबत असलेल्यांना ही अर्धी सहल जास्त मानवते.

दारूच्या गावातला थांबा

पाक ऊच्या वाटेवर बान सांग हाय नावाचं गाव लागतं. पर्यटक त्याला ‘व्हिस्की व्हिलेज’ म्हणतात. इथे चिकट तांदूळ आंबवून लाओ-लाओ ही दारू गाळतात. लाकडाच्या जाळावर पिंप, वर थंड पाण्याचं भांडं आणि बाजूच्या नळीतून रांजणात थेंब थेंब पडणारी पारदर्शक दारू, ही सगळी प्रक्रिया दहा मिनिटांत बघून होते. बाकीचा वेळ दुकानांसाठी असतो. गावात विणकामही चांगलं आहे, तिकडे वळा.

चव बघायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण एक गोष्ट माहीत असू द्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्याच वांग व्हिएंग इथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला. विषारी दारू चवीवरून ओळखता येत नाही. फुकट मिळणारा पेग आणि सील नसलेली बाटली यांना नकार द्या.

साप, विंचू घातलेल्या बाटल्यांपासूनही लांब राहा. वन्यजीवांचे अवशेष असलेली वस्तू भारतात आणणं कायद्यानं गोत्यात आणू शकतं. घरी शोकेसमध्ये ठेवण्यासारखं त्यात काही नसतंच.

जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

लाओ जेवणाचा कणा म्हणजे चिकट भात, ‘खाओ निआओ’. बांबूच्या छोट्या टोपलीतून येतो, हातानं गोळी करून खायचा. आपल्याला हे लगेच जमतं. अडचण येते ती माशांच्या सॉसची. ‘नाम पा’ हा पातळ सॉस आणि ‘पादेक’ हे आंबवलेल्या माशाचं दाट मिश्रण भाज्या, सूप, कच्च्या पपईची कोशिंबीर, सगळ्यांत जातं. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर स्वयंपाकी मांस काढतो, सॉस तसाच राहतो.

त्यावर दोन वाक्यं पाठ करा. ‘खोई किन जे’ म्हणजे मी शुद्ध शाकाहारी. ‘बो साय नाम पा’ म्हणजे नाम पा घालू नका. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी बाहेर फारसं काही मिळत नाही. फळं, साधा चिकट भात आणि घरून आणलेला ठेपला, लोणचं, खाकरा यांवर दुपार निभावून न्यावी. सहलीत जेवण धरलेलं असेल तर शाकाहाराचं बुकिंग करतानाच लिहून घ्या. ऐन वेळी कुआंग सीजवळच्या टपरीवर केळी आणि तळलेल्या भाताशिवाय काही हाती लागत नाही.

कुआंग सी

गाडीतळापासून धबधब्याच्या दारापर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या नेतात. आत शिरल्यावर आधी अस्वलांचं बचाव केंद्र लागतं. पित्ताच्या अवैध धंद्यातून आणि शिकाऱ्यांच्या तावडीतून सोडवलेली आशियाई काळी अस्वलं इथे ‘फ्री द बेअर्स’ ही संस्था सांभाळते. आपल्याकडच्या दरवेश्यांच्या अस्वलांची सुटका आणि पुनर्वसन यालाही याच संस्थेनं मदत केली होती. मुलांना इथे पंधरा-वीस मिनिटं द्याच.

पुढे झाडांतून पायवाट हळूहळू चढत जाते. आधी डोह लागतात, एकाखाली एक, पायऱ्यांसारखे. शेवटी पन्नास-साठ मीटरवरून कोसळणारा मुख्य धबधबा आणि त्याच्यासमोरचा लाकडी पूल. डोहांचं पाणी निळसर हिरवं, दुधात निळी शाई कालवल्यासारखं. यात कसलाही रंग मिसळलेला नाही. डोंगर चुनखडीचा, पाण्यात चुना विरघळलेला. तो जिथे साचतो तिथे दगडी बांध तयार होतात आणि पाण्यात तरंगणाऱ्या त्याच्या बारीक कणांमुळे हा रंग दिसतो. चिखल मिसळला की रंग गेलाच, म्हणून तर पावसाळ्यात फोटोतला कुआंग सी दिसत नाही.

त्या दगडी बांधांवर चढू नका. ते ठिसूळ आहेत आणि आपोआप वाढायला त्यांना फार काळ लागतो. पोहायची मुभा ठरावीक डोहांतच आहे, फलक बघा. तळ एकदम खोल होतो आणि दगडांवर शेवाळ असतं. पोहता न येणाऱ्यांनी कंबरभर पाण्यातच थांबावं. मुख्य धबधब्याच्या खाली आणि वरच्या डोहांत उतरणं धोक्याचं आहे. पायांत मागून पट्टा असलेल्या सँडल हव्यात, रबरी चपला वाहून जातात किंवा घसरतात.

पोशाखाबाबत थोडं भान ठेवा. स्थानिक लोक अंगभर कपड्यांनीच पाण्यात उतरतात. बायकांना लेगिंग आणि टीशर्टमध्ये जराही अवघडल्यासारखं होणार नाही. पाण्याबाहेर वाटेवर मात्र टॉवेल गुंडाळून फिरा. कपडे बदलायच्या खोल्या आहेत, पण ओल्या जमिनीवर कपडे ठेवायला जागा नसते. प्लॅस्टिकची एक पिशवी सोबत ठेवा.

धबधब्याच्या माथ्यावर जाणारी वाट खडी आणि निसरडी आहे. तरुणांनी कोरड्या दिवसांत जावं, वरून खालचं जंगल छान दिसतं. पण त्याला येऊन-जाऊन तासभर लागतो, तो तास तुमच्याकडे आहे का, ते आधी बघा. आखलेल्या वाटा सोडून रानात शिरू नका. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले आणि न फुटलेले बॉम्ब देशाच्या अनेक भागांत अजूनही सापडतात. पर्यटकांच्या वाटा सुरक्षित आहेत, म्हणूनच वाटेवर राहायचं.

बाजार : संध्याकाळची कसोटी

संध्याकाळी पाचच्या सुमारास सिसवांगवोंग रस्ता वाहनांसाठी बंद होतो आणि लाल-निळ्या मंडपांखाली नाइट मार्केट लागतं. दहाच्या आसपास आवरतं. दिवसभर दमलेली माणसं इथे येऊन घाईनं खरेदी करतात आणि नेमकी तिथेच फसतात. आधी खाऊन घ्या. मग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीही न घेता चाला. दर आणि माल दोन्हींचा अंदाज येतो.

इथे ह्मोंग समाजाचं भरतकाम, कापडावर कापड जोडून केलेली नक्षी, निळीत रंगवलेलं बाटिक, रेशमी शाली, तुतीच्या सालीपासून केलेला कागद, असं खूप काही आहे. सोबत यंत्रावर छापलेला, बाहेरून आलेला मालही तितकाच आहे. फरक ओळखायचा तर कापड उलटं करा. हाताच्या भरतकामाची मागची बाजू थोडी विस्कळीत असते, दोऱ्याच्या गाठी दिसतात, टाके तंतोतंत सारखे नसतात. यंत्राच्या कामात मागे एकसारखी दोऱ्यांची जाळी दिसते. खऱ्या बाटिकमध्ये रंग कापडाच्या दोन्ही बाजूंना मुरलेला असतो, छापील कापड मागून फिकं असतं. निळीत रंगवलेल्या कापडाला एक मातकट वास येतो आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग जातो, ते वेगळं धुवा.

घासाघीस करा, पण चढा आवाज नको. अर्ध्या किमतीवर अडून बसायचा आपला हातखंडा इथे चालत नाही. हसत थोडं कमी विचारा, नाही म्हटलं तर ‘खोप चाय’ म्हणजे धन्यवाद म्हणून पुढे चला. दोन-तीन नग एकत्र घेतले तर दर आपोआप उतरतो. चांगलं विणकाम खात्रीनं हवं असेल, तर दुसऱ्या दिवशी ‘ऑक पॉप टॉक’ या विणकाम केंद्रात किंवा पारंपरिक कला आणि मानववंशशास्त्र केंद्राच्या दुकानात जा. किंमत जास्त असते, पण कोणी, कुठे विणलं हे कळतं.

बॉम्बच्या ॲल्युमिनिअममधून घडवलेले चमचे आणि कडीही दिसतील. असा चमचा घ्यायला हरकत नाही, युद्धातले अवशेष जसेच्या तसे विकणाऱ्याकडून मात्र काही घेऊ नका. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बुद्धमूर्तीही नकोत. त्या खऱ्या असतील तर देशाबाहेर नेता येत नाहीत आणि खोट्या असतील तर पैसे वाया.

सकाळचा बाजार वेगळा, तो पहाटे भरतो. भाज्या, नदीचे मासे, रानातली पानं आणि कधी कधी रानातले प्राणीही. शाकाहारींना काही दृश्यं जड जातात. याच वेळी भिक्षूंची भिक्षाफेरी निघते. ती बघायची तर समोरच्या फुटपाथवरून, फ्लॅश न मारता आणि खांदे झाकून. सहलीच्या दिवशी तेवढ्या पहाटे उठू नका, दुसरा दिवस ठेवा.

बुकिंग करण्याआधी विचारायचे प्रश्न

- बोट दोन्ही बाजूंनी आहे की एका? बोटीत किती जण असतील?
- वाटेत कोणते थांबे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ? नको असलेला थांबा वगळता येईल का?
- कुआंग सीला पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ काय?
- गुहा, धबधबा आणि विजेवरची गाडी यांची तिकिटं दरात धरली आहेत का?
- गाइड पूर्ण दिवस सोबत असेल का, की फक्त चालक?
- जेवण कुठे? माशांच्या सॉसशिवाय मिळेल का?
- पाऊस किंवा नदीच्या पाण्यामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरी सहल?

उत्तरं कागदावर किंवा मेसेजवर घ्या. निघताना सोबत असू द्या : जॅकेट, टॉवेल, कोरडे कपडे, टॉर्च, डास पळवणारं मलम, घाटरस्त्यावर मळमळणाऱ्यांसाठी गोळी आणि वैद्यकीय विमा. मोठ्या आजारपणात इथून थायलंडला हलवावं लागतं, त्यामुळे विम्यात रुग्ण हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, ते तपासा.

या प्रश्नांची उत्तरं आली आणि तास जुळत नाहीत असं दिसलं, तर एक ठिकाण बिनदिक्कत खोडा. गुहा खोडलीत तर धबधब्याला सबंध दुपार मिळेल, धबधबा खोडलात तर नदीवर निवांत जाता येईल. हातात दोन दिवस असतील तर प्रश्नच नाही, एक दिवस नदीला द्या, दुसरा धबधब्याला आणि बाजाराला दोन्ही संध्याकाळी. तिन्ही ठिकाणी तास तास हजेरी लावून परतण्यापेक्षा दोन ठिकाणी पोटभर राहिलेल्या माणसाची सहल जास्त वसूल होते.